मागून मारलेल्या हाका

एकदा एका पानमळ्यांच्या गावातला एक शाळामास्तर आपल्या वृद्ध आचार्यांकडे एका नऊ वर्षांच्या मुलीची तक्रार घेऊन गेला. गावाबाहेर नदीच्या काठी आचार्यांचा लहानसा आश्रम होता. मास्तर तिथेच शिकून मोठा झाला होता, आणि गावात शाळा निघाली तीही आचार्यांच्याच शब्दावर. त्यामुळे एक नियम आपोआप पडून गेला होता: कोणत्याही मुलाला शाळेतून काढायचे असेल तर आधी आचार्यांची संमती घ्यायची. आजवर तशी वेळ कधी आली नव्हती.

मुलीचे नाव मथुरा. ती गावातल्या पानांच्या व्यापाऱ्याची मुलगी. मास्तराच्या म्हणण्याप्रमाणे ती मंद होती, आणि मंद असून शिवाय उद्धट होती. मागून हाक मारली तर ती वळत नसे. प्रश्न विचारावा तर भलत्याच प्रश्नाचे उत्तर देई. श्रुतलेखन घालताना मास्तराला वर्गात फेऱ्या मारायची सवय होती. तो समोर असला की तिच्या पाटीवर शब्द उमटत, पाठीमागे गेला की तेच शब्द ती शेजारणीच्या पाटीवरून उतरवी. म्हणजे लबाडीही होती. हे सगळे त्याने सोसले असते. त्याला सोसवले नाही ते परवाचे. शाळा पाहायला तालुक्याहून एक वयोवृद्ध पाहुणे आले होते. त्यांनी मुलांना एक गंमत सांगितली आणि वर्ग हसला. मग ते आपल्या दिवंगत आईविषयी बोलू लागले, बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला, आणि नेमकी त्याच क्षणी मथुरा मोठ्याने हसली. एकटी. मास्तराला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. पाहुणे गेल्यावर त्याने तिला शाळा सुटेपर्यंत कान धरून उभे केले आणि घरी निरोप धाडला. घरी वडिलांनी तेच कान पिळले.

आचार्यांनी विचारले, मुलीला ऐकू कमी येते का? मास्तर हसला. तो म्हणाला, गावच्या वैद्यबुवांनी दोन्ही कान उन्हात धरून पाहिले आहेत, आत मळाचा कण नाही. घरात ताट पडले की ती दचकते. ढोल वाजला की सगळ्यांच्या आधी दारात पळते.

“तिला हवं ते बरोबर ऐकू येतं, आचार्य.”

हे वाक्य आपण सर्वांनी कुठे ना कुठे ऐकलेले आहे, आणि बहुधा शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलेले आहे. लहान मुलाविषयी इतक्या सहजपणे केलेला इतका क्रूर आरोप दुसरा असेल असे मला वाटत नाही. कारण त्यात मुलाचे उणेपण तर आपण नाकारतोच, शिवाय ते त्याच्या चारित्र्यावर लादतो.

आईवडील मुलीला घेऊन बाहेर अंगणात थांबले होते. आचार्यांनी सगळ्यांना आत बोलावले. व्यापाऱ्याने नमस्कार करून सांगून टाकले की महाराजांनी संकोच करू नये. शाळेतून काढली तर घरी बसून पाने पुसून चवडी लावायला शिकेल, त्याला काही अक्षरे लागत नाहीत. मथुरा आली आणि आचार्यांसमोर बसली. त्यांच्या पाठीशी खिडकी होती, आणि खिडकीतून ऊन येत होते. मुलगी क्षणभर बसली, मग सरकत सरकत एका बाजूला गेली, जिथून त्यांचा चेहरा उजेडात दिसत होता. ते कोणाच्या लक्षात आले नाही. आचार्यांच्या आले.

त्यांनी तिला दोनचार साध्या गोष्टी विचारल्या. तिने नीट उत्तरे दिली, एकदोन शब्द जरा बोबडे, पण नीट. मग नदीत काही दिसल्यासारखे करून ते खिडकीकडे वळले आणि तेवढ्याच आवाजात त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. मथुरा त्यांच्या खांद्याकडे पाहत शांत बसून राहिली.

“बघा, झालं सुरू,” असे म्हणून व्यापाऱ्याने तिच्या दंडाला चिमटा काढला.

आचार्यांनी आईला विचारले, हिला कधी मोठे दुखणे झाले होते का? आई म्हणाली, दोन वर्षांमागे गोवर झाला होता, फार ताप होता, जगते की नाही असे वाटले होते. देवाच्या दयेने वाचली. मागे काही राहिले नाही. स्वभाव तेवढा बिघडला.

जे आचार्यांना कळले होते ते सांगून टाकणे अवघड नव्हते. पण सांगितले असते तर काय झाले असते, याचाही त्यांना अंदाज होता. मास्तराने ‘अरेरे’ म्हटले असते आणि त्याची एक कटकट सुटली असती. व्यापाऱ्याला मुलगी घरी ठेवायला सबळ कारण मिळाले असते. बिचारी, असे सगळ्यांनी म्हटले असते, आणि बिचारी पानांच्या चवडी लावीत बसली असती. म्हणून त्यांनी एवढेच सांगितले की परवा दुपारी सर्वांनी आश्रमात जेवायला यावे. जेवण झाल्यावर काय तो निर्णय देऊ.

ठरल्या दिवशी ओसरीवर पंगत मांडली गेली. गावातली आणखी काही मंडळी होती, वैद्यबुवाही होते. पाने वाढून झाली. मंडळी बसणार, तोच आचार्यांनी मास्तर, व्यापारी आणि मथुरेची आई या तिघांना बाजूला बोलावले. त्यांच्या हातात मेणात मळलेल्या कापसाचे बोळे दिले आणि सांगितले, “हे कानांत घट्ट बसवा. मी खूण करीपर्यंत काढायचे नाहीत. या घरी आज जेवायचं तर असंच.”

व्यापाऱ्याला हा प्रकार आवडला नाही. पण आचार्यांच्या घरचे अन्न नाकारायचे कसे? त्याने बोळे बसवले. मास्तराने गुरूची आज्ञा म्हणून बसवले. आईने न विचारता बसवले. तिला न विचारता पुष्कळ गोष्टी करायची सवय होती.

सुरुवातीला तिघांनाही गंमत वाटली. जग गेले नव्हते, नुसते लांब गेले होते. माणसांचे आवाज येत होते. कोण बोलतो आहे तेही कळत होते. काय बोलतो आहे ते मात्र कळत नव्हते. ताट आपटले की ऐकू येई, नदीपलीकडे कोणी ढोल बडवीत होता तोही ऐकू येई. मग पहिला पापड मोडला. दातांखालचा पापड डोक्यात असा कडाडला की त्यात उरलेसुरले सगळे बुडून गेले. ऐकायचे असेल तर चावणे थांबवायचे, आणि जेवायचे असेल तर ऐकणे सोडून द्यायचे, असा पेच पडला.

वाढपी पाठीमागून येत होते, जसे कोणत्याही पंगतीत येतात. मागे उभे राहून विचारत, वाढू का? व्यापारी गप्प. नको असेल, असे समजून वाढपी पुढे जाई. अशी त्याची आमटी गेली, भाजी गेली. शेवटी त्याने मागितले, तर स्वतःचा आवाज डोक्यात एवढा घुमला की घाबरून तो पुटपुटला, आणि समोरचे वैद्यबुवा हात हलवून म्हणाले, “शेटजी, जरा मोठ्यानं बोला की. बाजारात तर वेशीपर्यंत ऐकू येता.” पंगत हसली. व्यापाऱ्याला हसणे दिसले, कारण दिसले नाही. त्याच्या कानशिलांवर रक्त चढले.

आईने पहिल्या भातानंतरच ऐकायचा प्रयत्न सोडला होता. ती मान खाली घालून, पानाबाहेर न पाहता जेवू लागली.

मास्तर मात्र शिकलेला माणूस. त्याने ठरवले की हे निभावून न्यायचे. तो प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागला. एकाचे ओठ वाचावे तोवर दुसरा बोलू लागे. दुसऱ्याकडे वळावे तोवर वाक्य संपलेले. थोड्या वेळाने त्याची मान दुखू लागली, डोळे चुरचुरू लागले. इतकी वर्षे शास्त्रे वाचून जो थकवा आला नव्हता तो एका पंगतीच्या गप्पांनी आला. सगळे एकदम हसले तेव्हा त्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसून विचारले, काय झाले? शेजाऱ्याने घास तोंडात असतानाच हात झटकला. काही नाही, काही नाही, जेवा तुम्ही.

काही नाही! मास्तराला तो हात थोबाडीत बसल्यासारखा लागला. सगळी पंगत ज्याच्यावर हसते ते त्याच्यासाठी ‘काही नाही’ होते.

इतक्यात आचार्यांनी पंगतीच्या टोकाकडून त्याला काहीतरी विचारले. मास्तराने पाहिले की आचार्यांचे ओठ हलले, भुवया उंचावल्या, सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. काहीतरी उत्तर द्यायला हवे होते. अन्नाविषयी विचारले असेल असे धरून त्याने हात जोडले आणि तो म्हणाला, “उत्तम, फारच उत्तम.” पंगतीत हशा उसळला. आचार्यांनी विचारले होते, तुझ्या वडिलांचे दुखणे आता कसे आहे.

मास्तराला ते कळले नाही. सगळे हसताहेत एवढे दिसले, म्हणून तोही हसला. इतरांपेक्षा किंचित उशिरा, आणि किंचित मोठ्याने.

हसता हसता त्याची नजर समोर गेली. समोरच्या ओळीत मथुरा बसली होती. तिच्या कानांत बोळे नव्हते. तिला ते लागत नव्हते. तिचे जेवण व्यवस्थित चालले होते. वाढप्याच्या सावलीवरून तिला तो येताना कळे. हवे तर ती हात बाजूला घेई, नको तर पानावर आडवा धरी. सगळी पंगत हसत असताना ती हसत नव्हती. ती मास्तराकडे पाहत होती, टक लावून, घास हातात धरून. रस्त्यात आपल्याच घरचे माणूस अचानक भेटावे तशी तिची नजर होती. तिने ते हसणे ओळखले होते.

मास्तराचे हसणे गळून पडले. जेवण संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

हात धुऊन झाल्यावर आचार्यांनी खूण केली. तिघांनी बोळे काढले. आणि मग काय, बांध फुटावा तसे बोलणे सुटले. पानमळ्यांच्या गावातली ती पंगत, जेवणावर विडा हवाच; तबके फिरली, सगळ्यांनी विडे गालात धरले आणि ओसरीवर कोंडाळे जमले. व्यापारी सांगत होता की आमटी कशी डोळ्यांदेखत निघून गेली. वैद्यबुवा पापडाची थट्टा करीत होते. मास्तराचे डोळे ओले होते. तो शेटजींना सांगत होता की पोरीचे फार चुकले आमच्याकडून, केवढा अन्याय झाला हो. शेटजी मान हलवीत होते. गालात विडा आहे, रस ओघळू नये म्हणून हनुवटी वर आहे, ओठ मिटलेले आहेत, आणि मिटल्या ओठांमागून शब्द येत आहेत, अशी या गावची बोलण्याची रीतच होती. अंगणातले ऊन त्यांच्या पाठींवर होते आणि चेहरे अंधारात.

या कोंडाळ्याच्या मध्यभागी मथुरेला मायेने बसवले होते. कोणी तिच्या डोक्यावरून हात फिरवीत होते. ती एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर नेत होती. वैद्यबुवा काहीतरी बोलले, मंडळी हसली.

क्षणभराने मथुराही हसली.

“पुरे,” आचार्य म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला कोणी कधी ऐकला नव्हता. तो आताही चढला नव्हता, पण ओसरी शांत झाली. मास्तर हात जोडून पुढे आला. म्हणाला, आचार्य, मला समजलं.

“समजलं म्हणतोस? मग आत्ता वैद्यबुवा काय म्हणाले ते तिला विचार. ती कशाला हसली ते विचार.” ते उठून उभे राहिले होते. “चूक माझी आहे. मला वाटलं होतं, कापूस पुरेल. कापसानं तुम्हाला तुमचंच दुःख कळलं. तो निघाल्यावर पहिलं काम काय केलंत? तिला मध्ये बसवलंत आणि तिच्याविषयी एकमेकांशी बोलत सुटलात. ती ओठांवरून ऐकते, आणि तुम्ही सगळ्यांनी ओठांना कुलूप घातलंय. घटकाभरापूर्वी शेटजींना आमटीसाठी राग आला होता. ही मुलगी दोन वर्षं उपाशी बसली आहे, तिला राग येऊ द्यायचा नाही? उलट कान पिळायचे? जे कान तिला दगा देतात तेच धरून तिला उभं करायचं? तिला हवं ते ऐकू येतं म्हणतोस. अरे, ढोल काय तिला हवा होता? तिला तुझा धडा हवा होता. समोरून मिळाला तेवढा तिनं घेतला, मागून राहिला तो शेजारणीकडून उसना आणला. तिला तू लबाड म्हणालास.”

मग ते वैद्यबुवांकडे वळले. “आणि तुम्ही कान उन्हात धरून पाहिलेत. विहीर उपसून स्वच्छ केली म्हणजे तिला पाणी असतंच का, बुवा?”

वैद्यबुवांनी मान खाली घातली. आचार्य पुन्हा खाली बसले. आपण जास्त बोललो की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. अपुरे बोललो की काय, अशीही असेल.

मास्तर वळला. ओसरीच्या पायऱ्या उतरून तो अंगणाच्या कडेला गेला. त्याने विडा थुंकला, आडावरच्या घागरीतून पाणी घेऊन खळखळून चूळ भरली, तोंड पुसले, आणि परत येऊन मथुरेसमोर मांडी घालून बसला. जो प्रश्न त्याने इतक्या दिवसांत एकदाही विचारला नव्हता तो त्याने आता विचारला. म्हणाला, “मथुरा, मी कुठे बसलो की तुला कळतं?”

मुलीने त्याच्याकडे पाहिले, मग अंगणाकडे पाहिले. उठून तिने त्याचे उपरणे धरले आणि त्याला ओढत उलट्या बाजूला आणून बसवले, तेव्हा ऊन सरळ त्याच्या तोंडावर पडले. त्याचे डोळे दिपले, पण तो हलला नाही.

“इथं,” ती म्हणाली. मग जरा धीर करून पुढे म्हणाली, “आणि फळ्याशी बोलू नका.”

मास्तर म्हणाला, बरं. आचार्यांकडे वळून त्याने तोंड उघडले, थांबला, आणि पुन्हा मथुरेकडे तोंड करून त्याने तिलाच सांगितले की उद्यापासून तिने खिडकीच्या बाजूला पहिल्या ओळीत बसायचे, आणि तो समोर उभा राहील. शाळेतून काढण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. व्यापाऱ्याने एव्हाना आपला विडा कुठे टाकला होता कोण जाणे, पण त्याचे तोंड रिकामे होते.

मथुरा तशीच उभी होती. बहुधा आज विचारले तर उत्तर मिळते, असे तिच्या ध्यानात आले असावे. ती आईकडे वळली.

“आई, वेणी घालताना तू रोज काय सांगतेस?”

आई दचकली. रोज सकाळी मुलीला पुढे बसवून ती वेणी घाली. दिवसभराच्या रगाड्यात दोघींना मिळणारा तेवढाच निवांत वेळ. वेणी बांधायची दोरी, आगवळ, दातांत धरून, मुलीच्या केसांतून बोटे फिरवीत, मनात येईल ते ती सांगत राही. मुलगी ‘हं’ म्हणत नाही, याचे तिला वाईट वाटे. अलीकडे मुलीचे आपल्यावर प्रेमच नाही, असेही तिला वाटू लागले होते. आणि मुलीला मात्र रोज मानेमागे एक उबदार गुणगुण जाणवत होती, तिचा अर्थ लागत नव्हता.

चारचौघांत आईला संकोच वाटला. ती म्हणाली, “काही नाही गं.”

“बाई,” आचार्य म्हणाले, “काही नाही हे तिला आजवर भरपूर मिळालं आहे.”

आई उठली. डोक्यावरचा पदर तिने मागे सारला, मुलीच्या समोर येऊन उन्हात बसली, आणि दोन वर्षांचे सांगणे तिने सांगायला घेतले. ती इतकी हळू बोलत होती की ओसरीवर शाबूत कानांची एवढी माणसे असूनही त्यांतल्या कोणालाही शब्द ऐकू आला नाही.

मथुरा मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत होती.